झाशी : जुन्या चाकांना नवा लगाम

मुंबईहून निघालेली पंजाब मेल भुसावळ, खंडवा, इटारसी, भोपाळ, बीना अशी एकेक स्टेशनं मागे टाकत झाशीला येते. अकराशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास झालेला असतो. फलाटावर चहावाल्यांची हाकाटी सुरू असते, कुणी पाण्याच्या बाटल्या भरून घेत असतं, कुणी मुलांना खिडकीतून किल्ला दिसतो का ते दाखवत असतं. सिग्नल मिळतो आणि गाडी हलायच्या आधी डब्याच्या पोटाखालून एक लांब आवाज येतो - फुस्सऽऽ!

या आवाजाकडे कुणी लक्ष देत नाही, पण तो आला नाही तर गाडी जागची हलणार नाही. ब्रेक सुटल्याचा हा आवाज. चाकं घट्ट धरून ठेवणारी हवा सिलिंडरमधून बाहेर पडते, लगाम सैल होतो आणि मग गाडी धावायला मोकळी होते.

झाशी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर येते ती घोड्यावर बसलेली, पाठीशी दत्तकपुत्र बांधलेली राणी. साहजिकच आहे. पण या शहराची आणखी एक ओळख आहे. इथे जुन्या, झिजलेल्या, दमलेल्या गाड्या येतात, त्यांचे सांधे उकलले जातात, ब्रेक तपासले जातात आणि त्या पुन्हा रुळांवर उभ्या केल्या जातात. राणीच्या शहरात आज चाकांना लगाम घालायचं काम चालतं!

सुभेदारांचं गाव

झाशीचा किल्ला बांधला ओरछाच्या राजा बीरसिंह देवानं, १६१३ साली. पुढे छत्रसालानं आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीराव पेशव्यांना दिला आणि मराठ्यांचे पाय बुंदेलखंडात रोवले गेले. १७४२ साली नारो शंकर इथे सुभेदार म्हणून आले. त्यांनी किल्ला वाढवला. तो वाढीव भाग अजून शंकरगढ म्हणून ओळखला जातो. त्यांच्यानंतर काही काळानं नेवाळकर आले आणि झाशीत मराठी घरं, मराठी देवळं, मराठी सणवार रुजले.

किल्ल्याच्या पायथ्याशी गणेश मंदिर आहे. १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांचं लग्न इथेच लागलं आणि मोरोपंत तांब्यांची मनू लक्ष्मीबाई झाली. आजही या मंदिरात गेलं की महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या गावात आल्यासारखं वाटतं.

१८५३ मध्ये गंगाधरराव वारले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी संस्थान खालसा केलं. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजनं शहराला वेढा घातला. त्या वेळी रायगड जिल्ह्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातच होते. चार पैसे दक्षिणा मिळवावी म्हणून हा गरीब भिक्षुक काकांबरोबर उत्तरेत गेला आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडला. कोकणातून इथवर यायला त्यांना कित्येक आठवडे लागले होते. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापलं गेलं आणि झाशीच्या त्या दिवसांचं चित्र मराठी घराघरात पोहोचलं.

बंडानंतर झाशी काही वर्षं शिंद्यांकडे होती. १८८६ साली अदलाबदल झाली. ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत मिळाला आणि झाशी इंग्रजांकडे गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत इथे रेल्वेचं मोठं जंक्शन उभं राहिलं. इंडियन मिडलँड रेल्वेचे मार्ग ग्वाल्हेर-आग्रा, भोपाळ, कानपूर आणि माणिकपूर या दिशांना गेले. १९०० साली ही कंपनी जी.आय.पी.मध्ये विलीन झाली. म्हणजे झाशीचा कारभार पुन्हा बोरीबंदरच्या हाती आला! १९५१ नंतर मध्य रेल्वे झाली तरी झाशी मुंबईच्याच अखत्यारीत राहिली. २००३ साली ती उत्तर मध्य रेल्वेत गेली. तोपर्यंत भुसावळ, नागपूर, झाशी अशा बदल्या रेल्वेतल्या कित्येक मराठी कुटुंबांनी अनुभवल्या. त्या घरांत मुलांच्या बोलण्यात बुंदेली शब्द आले आणि झाशीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये चकल्या तळल्या गेल्या.

वाघिणींचं इस्पितळ

झाशीचा रेल्वे कारखाना १८९५ सालचा. आता त्याची ओळख आहे ती वाघिणी दुरुस्त करणारा कारखाना म्हणून. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. इंग्रजी ‘वॅगन’ला मराठी जिभेनं केव्हाच वाघीण करून टाकलं आहे. वाघिणी दुरुस्त करणाऱ्या देशातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत झाशीची गणना होते.

वाघिणीचं आयुष्य खडतर असतं. कोळसा, लोखंडाचं खनिज, सिमेंट, गहू - जे पडेल ते वाहायचं. उन्हात तापायचं, पावसात भिजायचं. ठरावीक मुदत भरली की तिला कारखान्यात यावंच लागतं. तिथे डबा उचलून चाकांपासून वेगळा करतात. पत्रा कुठे गंजला, सांधा कुठे उकलला, चाकाची धार किती झिजली हे सगळं पाहिलं जातं. झिजलेलं चाक लेथवर चढवून पुन्हा नेमक्या आकारात आणलं जातं. आणि सर्वांत बारकाईनं तपासला जातो तो ब्रेक.

कारण साधं आहे. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते आणि प्रवासी वैतागतात, एवढंच. ब्रेक बंद पडला तर?

हा प्रश्न किती गंभीर आहे ते झाशीला निघालेल्या प्रत्येक मुंबईकराला कसारा घाटात कळायला हवं. तिथे सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे. वर चढताना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. पण रेल्वेच्या माणसांना चढापेक्षा उताराची काळजी जास्त असते. चढावर ताकद कमी पडली तर गाडी अडून राहील. उतारावर ब्रेक कमी पडला तर ती अडणारच नाही.

पोकळीपासून हवेपर्यंत

भारतातल्या गाड्या अनेक दशकं व्हॅक्यूम ब्रेकवर चालल्या. म्हणजे काय? इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी जाते. इंजिन त्या नळीतली हवा ओढून घेतं. आत पोकळी आहे तोवर ब्रेक सुटलेले. ड्रायव्हरनं नळीत हवा शिरू दिली की प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरमधला दट्ट्या वर उचलला जातो आणि ब्रेक चाकावर दाबले जातात. नळी मध्येच तुटली तरी हवा आत शिरणार आणि गाडी आपोआप थांबणार. कल्पना फार हुशारीची होती.

पण तिला एक मर्यादा होती. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. व्हॅक्यूम ब्रेकला त्याहून जास्त जोर मिळूच शकत नाही. प्रत्यक्षात तर तो पाऊण किलोपेक्षाही थोडा कमी मिळतो. त्यामुळे सिलिंडर मोठे आणि जड लागत. शिवाय गाडी लांब झाली की शेवटच्या डब्यापर्यंत पोकळी टिकवणं अवघड. कुठेतरी रबर सुटतं, कुठेतरी सांध्यातून हवा आत झिरपते. पुढचे ब्रेक लागले तरी मागचे डबे धक्के देत राहतात.

दुसरा उपाय जगाला ठाऊक होता. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकानं १८६९ साली हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं होतं आणि १८७२ साली त्याची आपोआप लागणारी सुधारित रचना आणली होती. इथे नळीत पोकळी नसते, उलट हवा कोंबून भरलेली असते. आपल्याकडे ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाब ठेवतात. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी असते. ड्रायव्हरनं नळीतला दाब कमी केला की डब्याखालचा ‘डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह’ टाकीतली हवा ब्रेकच्या सिलिंडरमध्ये सोडतो. तिथे ३.८ किलोपर्यंत दाब मिळतो, म्हणजे व्हॅक्यूम ब्रेकच्या जवळजवळ पाचपट.

गार्ड असो, तुटलेली नळी असो की कुणी ओढलेली साखळी असो, नळीतली हवा गेली की ब्रेक लागलाच.

भारतीय मालगाड्यांत हा बदल खऱ्या अर्थानं आला तो १९८० च्या दशकात. ‘बॉक्सएन’ नावाच्या नव्या उघड्या वाघिणी हवेचे ब्रेक घेऊनच आल्या. अशा ५८ वाघिणींची एकच लांबलचक गाडी धावू लागली. पण देशभर पसरलेल्या जुन्या वाघिणींचं काय करायचं? सगळ्या एकदम मोडीत काढणं परवडणारं नव्हतं. काही जुन्या वाघिणींवर हवेचे ब्रेक बसवले गेले, काही हळूहळू बाद झाल्या. मधल्या काळात दोन्ही प्रकारच्या गाड्या ओढू शकतील अशी दुहेरी ब्रेकची इंजिनं वापरावी लागली. पोकळीवर चालणारा ब्रेक आणि दाबावर चालणारा ब्रेक एकाच नळीत नांदणार कसे!

वाघिणींचा कारखाना म्हटल्यावर हा बदल त्याच्या दारातूनच आत येणार. ज्यांचे हात व्हॅक्यूमच्या मोठ्या सिलिंडरवर बसले होते, त्या पिढीला हवेच्या ब्रेकचे बारीक व्हॉल्व्ह शिकावे लागले. तिथे धुळीचा कण अडकला तरी ब्रेक हट्टाला पेटतो. एक तर लागत नाही, नाहीतर सुटत नाही. न सुटलेला ब्रेक चाकाला घासत राहतो, चाक तापून लाल होतं. चाक अडकून रुळावर घसरत गेलं तर एका जागी चपटं होतं आणि मग प्रत्येक फेऱ्याला रुळावर घणाचा घाव घालतं.

रिकामी बाईस टन, भरलेली एक्याऐंशी

आणखी एक गंमत पाहा. बॉक्सएन वाघीण रिकामी असते तेव्हा तिचं वजन सुमारे २२ टन. काठोकाठ भरली की सुमारे ८१ टन. दोन्ही वेळा सारखाच ब्रेक लावून कसं चालेल? भरलेल्या वाघिणीचा जोर रिकामीवर लावला तर चाकं जागीच अडकतील. रिकामीचा जोर भरलेलीवर लावला तर ती थांबणारच नाही. म्हणून जुन्या रचनेत प्रत्येक वाघिणीच्या कडेला एक दांडा असे. माल भरला की दांडा एका बाजूला, रिकामा केला की दुसऱ्या बाजूला. हे काम हातानं करावं लागे आणि एक जरी वाघीण विसरली तरी पंचाईत. नव्या रचनेत वजन ओळखून ब्रेक आपला जोर आपोआप बदलतो. शिवाय डब्याच्या पोटाखालचा एकच मोठा सिलिंडर आणि त्याच्या लांबलचक सळया जाऊन छोटे सिलिंडर थेट बोगीवर बसवले जातात. सळया कमी, खिळी कमी, म्हणून झीजही कमी.

प्रवासी डब्यांचीही हीच कथा. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून बनलेल्या डब्यांत ब्रेकचे ठोकळे थेट चाकावर घासतात. घाट उतरताना खिडकीतून येणारा तो जळका वास त्यांचाच. २००० पासून जर्मन धाटणीचे एलएचबी डबे आले. त्यांच्या आसावर तबकड्या असतात आणि ब्रेक त्या तबकड्यांना धरतो. देशातली पहिली शताब्दी एक्स्प्रेस १९८८ साली धावली ती दिल्ली ते झाशी. २०१८ पासून गतिमान एक्स्प्रेसही झाशीपर्यंत येऊ लागली. दिल्ली-आग्रा टप्प्यात ती ताशी १६० किलोमीटरचा वेग गाठते. एवढ्या वेगाचं कौतुक सगळे करतात, पण तो वेग आवरणाऱ्या तबकडीचं कौतुक कोण करणार?

काय ठेवायचं, काय फेकायचं

झाशीच्या या उद्योगातला खरा धडा मात्र वेगळाच आहे. जुन्यातलं काय वापरायचं आणि काय नाही, हा तो धडा.

बाद झालेली वाघीण सरसकट भंगारात जात नाही. तिची चाकं, बेअरिंगं, जोडणीचे आकडे, हवेच्या टाक्या, व्हॉल्व्ह यांतलं जे धड असेल ते उतरवून घेतात. तपासून, दुरुस्त करून ते दुसऱ्या वाघिणीला उपयोगी पडतं. पण ‘धड आहे’ हे डोळ्यांनी पाहून ठरत नाही. डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्हचं ओतीव धड पुन्हा वापरतात. तो पूर्ण उघडायचा, धुवायचा, स्प्रिंगा तपासायच्या. मात्र आतले रबरी पडदे आणि कड्या दिसायला कितीही चांगल्या असोत, त्या बदलायच्याच. मग व्हॉल्व्ह चाचणीच्या टेबलावर जातो. तिथे पास झाला तरच तो वाघिणीखाली बसतो. शेवटी अख्ख्या वाघिणीची चाचणी होते. हवा भरायला किती वेळ लागतो, कुठे गळते का, ब्रेक किती सेकंदांत लागतो, किती वेळात सुटतो, दट्ट्या किती बाहेर येतो, हे सगळं मोजलं जातं.

लोखंडावर भरवसा ठेवावा, पण मोजून. रबरावर ठेवूच नये. कारखान्यांतल्या फिटरांच्या पिढ्यांनी जपलेलं शहाणपण या दोन वाक्यांत मावतं.

आणि हे शहाणपण घरच्या मोटारीलाही लागू आहे. दारात जपून ठेवलेली जुनी फियाट किंवा अॅम्बेसेडर असली की कधी ना कधी एखादा मेकॅनिक सुचवतो, ‘चारही चाकांना ड्रम आहेत, पुढे डिस्क टाकून घ्या. कुर्ल्याच्या बाजारात नाहीतर दिल्लीच्या मायापुरीत मोडलेल्या गाडीचा सेट स्वस्तात मिळेल.’ सल्ला चुकीचा नाही. घाट उतरताना ड्रम तापतो आणि पायाखालचा ब्रेक ढिला पडू लागतो. उघड्या डिस्कला वारा लागतो, ती लवकर निवते, पाण्यातून गेल्यावर लवकर सुकते.

पण इथे झाशीचा धडा आठवावा. तबकडीवर तिची किमान जाडी कोरलेली असते. त्याहून ती झिजली असेल तर फुकट मिळाली तरी नको. कॅलिपरच्या दट्ट्यावर गंजाचे खड्डे असतील तर तोही नको. सील, रबरी नळ्या, पॅड आणि ब्रेक ऑइल नवंच हवं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून ते दर दोनेक वर्षांनी बदलावंच लागतं. डिस्कला ड्रमपेक्षा पायाचा जोर जास्त लागतो, म्हणून मास्टर सिलिंडर आणि बूस्टर त्याला साजेसे हवेत. पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल साधायलाच हवा. मागची चाकं आधी अडकली तर गाडी जागच्या जागी फिरते. आणि गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारलेलं बरं.

कारखान्यात जुना व्हॉल्व्ह टेबलावर तपासल्याशिवाय बसवत नाहीत. घरची गाडी मात्र अनेकदा गल्लीच्या कोपऱ्यावर ‘एकदा चालवून पाहा’ एवढ्यावर सुटते. फरक इथेच आहे. आणि त्या गाडीत आपलीच मुलंबाळं बसणार असतात.

पुन्हा नव्यानं

जुन्याला पुन्हा उभं करायचा वसा झाशीनं सोडलेला नाही. शहराजवळ खैलारला ‘भेल’चा कारखाना आहे. तिथे ट्रान्सफॉर्मर आणि विजेची इंजिनं बनतात. त्याच खैलारमध्ये जुन्या रेल्वे डब्यांचं नूतनीकरण करणाऱ्या कारखान्याची कोनशिला फेब्रुवारी २०१९ मध्ये बसवली गेली. पेरांबूरच्या पद्धतीच्या डब्यांचं उत्पादन २०१८ साली थांबलं, पण त्यातल्या कित्येक जुन्या डब्यांच्या खिडक्या बंद करून, टोकाला दारं काढून त्यांतून आता नव्या मोटारी वाहून नेल्या जातात. माणसं वाहून थकलेला डबा म्हातारपणी मोटारी वाहतो आहे!

डिसेंबर २०२१ मध्ये झाशी स्टेशनला ‘वीरांगना लक्ष्मीबाई’ असं नाव मिळालं. फलाटावर उभं राहिलं की एका बाजूला राणीचं नाव दिसतं आणि दुसऱ्या बाजूनं मालगाडी धडधडत जाते. पुढच्या वेळी फाटकापाशी गाडी अडली आणि मुलं कंटाळली की त्यांना वाघिणींच्या अंगावरची अक्षरं वाचायला सांगा. ती कोणत्या कारखान्यात दुरुस्त झाली, केव्हा झाली आणि परत केव्हा जायचं आहे, हे तिथे रंगवलेलं असतं. त्यात झाशीचं नाव सापडलं तर समजा, तिचा लगाम राणीच्या गावात तपासला गेला आहे.

जायचं कसं?

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्स्प्रेस आणि गोवा एक्स्प्रेस या गाड्या झाशीला थांबतात. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. उन्हाळ्यात बुंदेलखंड भट्टीसारखा तापतो. किल्ला, राणी महाल आणि गणेश मंदिर एका दिवसात पाहून होतं. दुसरा दिवस वीसेक किलोमीटरच्या आतल्या ओरछासाठी ठेवावा. बेतवेच्या काठावरच्या छत्र्या संध्याकाळी पाहाव्यात. आणि परतीच्या गाडीत बसलात की निघण्यापूर्वीचा तो ‘फुस्स’ आवाज तेवढा कान देऊन ऐका.